डच कंपनी-प्रकारांची नावे इंग्रजीत बदलावीत का?

मूळ मत
डच करारनाम्याच्या इंग्रजी भाषांतरात ‘बीव्ही’ खोडून तिथे ‘लिमिटेड’ लिहिण्याची पद्धत मला घातक वाटते. बीव्ही म्हणजे ‘बेस्लोटेन फेनोटस्खाप’, अर्थात मर्यादित दायित्वाची डच खासगी कंपनी, आणि ही अक्षरे किंवा त्यांचे पूर्ण रूप कंपनीच्या नावाच्या सुरुवातीला वा शेवटी असलेच पाहिजे, असे डच नागरी संहितेचे दुसरे पुस्तक सांगते. म्हणजे ती नावाचाच भाग आहेत. टाटा समूहाच्या ‘टाटा स्टील आयमाउडेन बीव्ही’ला ‘लिमिटेड’ म्हटले, तर ती कंपनी ब्रिटिश किंवा भारतीय कायद्याखाली स्थापन झाली आहे, असाच वाचकाचा समज होईल. मूळ अक्षरे राखावीत आणि पहिल्या उल्लेखापाशी त्यांचा अर्थ एका वाक्यात सांगावा.

प्रतिसाद १
नावापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे, मात्र मजकुरात प्रकाराचा उल्लेख येतो तिथे ते पटत नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या बँक अधिकाऱ्याला भागधारकांचे दायित्व मर्यादित आहे की नाही, एवढेच आधी कळायला हवे असते, आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड कंपनी’ म्हटल्याने ते लगेच कळते. १ ऑक्टोबर २०१२ पासून बीव्हीसाठीची १८,००० युरो किमान भांडवलाची अट रद्द झाल्यामुळे हे साम्य आणखी वाढले आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या कंपनी कायद्याविषयक निर्देशातही डच ‘नामलोझ फेनोटस्खाप’, म्हणजे एनव्ही हा सार्वजनिक कंपनीचा प्रकार, आणि आयर्लंडची पब्लिक कंपनी एकाच यादीत आहेत.

मूळ लेखकाचे उत्तर
त्या यादीचा उपयोग त्या निर्देशापुरताच आहे. डच रेल्वे एनव्ही आहे, पण तिचे सर्व भाग (शेअर) डच सरकारकडे आहेत. ‘पब्लिक लिमिटेड’ वाचणारा मात्र तिला शेअर बाजारात शोधू लागेल. अमेरिकेच्या करनियमांत तर एनव्हीला कॉर्पोरेशनच मानले जाते, तर बीव्हीला आपले करविषयक वर्गीकरण, म्हणजे कॉर्पोरेशन म्हणून कर भरायचा की तो थेट मालकांवर लागू करायचा, हे निवडता येते. त्यामुळे तिथल्या वकिलाला नेमकी डच अक्षरेच हवी असतात.

प्रतिसाद २
बीव्ही आणि एनव्हीपेक्षा मोठी अडचण भागीदारीत आहे, असे मला वाटते. ‘फेनोटस्खाप ओंडर फिर्मा’मध्ये प्रत्येक भागीदार संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो, डॉक्टर-वकिलांच्या ‘माटस्खाप’मध्ये सर्वसाधारणपणे प्रत्येकावर समान हिश्शापुरतीच जबाबदारी येते. दोन्हींना ‘पार्टनरशिप’ म्हटले की हा भेद पुसला जातो, आणि १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातील संयुक्त व वैयक्तिक दायित्व, म्हणजे प्रत्येक भागीदार संपूर्ण कर्जाला जबाबदार, असे गृहीत धरणारा आपल्याकडचा वाचक माटस्खापविषयी साफ चुकीचा निष्कर्ष काढतो. ‘स्टिख्टिंग’चेही तसेच आहे. ‘फाउंडेशन’ म्हटले की दानधर्म आठवतो. प्रत्यक्षात सभासद नसलेली ही संस्था पुष्कळदा केवळ एखाद्या कंपनीचे भाग धारण करण्यासाठी उभारलेली असते, आणि सार्वजनिक हिताची संस्था म्हणून करखात्याची मान्यता तिला वेगळी मिळवावी लागते.

प्रतिसाद १ चे लेखक
हे भेद खरे आहेत, परंतु ते समजावून सांगणे हे वकिलाचे काम आहे. अनुवादकाने दायित्वाविषयी स्वतःची वाक्ये घातली, तर मूळ दस्तऐवजात नसलेला मजकूर त्यात शिरतो आणि पुढे वाद झाल्यास त्याचे उत्तर अनुवादकालाच द्यावे लागते.

मूळ लेखकाचे उत्तर
म्हणूनच ते वाक्य ‘अनुवादकाची टीप’ असे स्पष्ट लिहून तळाशी द्यावे. ‘लिमिटेड’ हाही मूळ दस्तऐवजात नसलेलाच मजकूर आहे, आणि तो तर कोणत्याही खुणेविना घातला जातो.