लेपर्ड गेकोच्या पिल्लाचे घर आणि आहार

प्रश्न : माझ्याकडील लेपर्ड गेकोचे (ठिपकेदार पाळीव पालीचे) पिल्लू सुमारे २ महिन्यांचे असून, काचेच्या पेटीत वाळू अंथरून मी त्याला ठेवले आहे, मात्र ४ दिवसांपासून ते रातकिड्यांकडे पाहतही नाही, याची मला फार काळजी वाटते. काय चुकत असावे?

पहिले उत्तर : सर्वप्रथम वाळू काढून टिश्यू पेपर अंथरावा, कारण भक्ष्यासोबत गिळलेली वाळू पिल्लाच्या आतड्यात अडकू शकते. थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रित करणारे उपकरण) जोडलेल्या हीट मॅटमुळे (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईमुळे) पेटीच्या एका बाजूचा तळ सुमारे ३२ अंश सेल्सियस आणि दुसरी बाजू २५ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. पोटाला ऊब मिळाली नाही, तर अन्न पचत नाही आणि भूकही मंदावते. लपण्याची जागा दोन्ही बाजूंना हवीच.

दुसरे उत्तर : रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा आणि त्याला कॅल्शियमची पूड लावावी. या वयात रोज संध्याकाळी खाऊ घालावे, परंतु उरलेले किडे आत ठेवू नयेत. ते पिल्लालाच चावे घेतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

तिसरे उत्तर : शेपटी बारीक होऊ लागली असेल, तर कृपया वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा, कारण पिल्लाची चरबी शेपटीतच साठलेली असते.