मदत हवी आहे: नाशिकच्या भांडी बाजार-सराफ बाजार भागात पुराची सूचना घराघरात वेळेत पोचवायची कशी?

बोळातला_पाटावरवंटा:
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगतो. काकांचं भांड्यांचं दुकान आहे भांडी बाजारात, माल सगळा तळघरात, आणि मागच्या बोळात जुन्या वाड्यात आमची आत्या एकटी राहते, पंच्याहत्तरी उलटलीये, हातात बटणांचा फोन, कानाने जरा कमी. मी राहतो पाथर्डी फाट्याला आणि नोकरी अंबडला, तीपण शिफ्टची, म्हणजे ऐनवेळी धावत जाणं माझ्याच्यानं होत नाही.

पावसाळा लागला की मोबाईलवर इशारे ढिगाने येतात, पण कामाचा एक नाही. 'नाशिक जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट'. अहो जिल्हा म्हणजे १५ तालुके, इगतपुरीत धो धो चालू असतं आणि येवल्यात लोक आभाळाकडं बघत बसलेले असतात, सगळ्यांना मिळून एकच रंग. मग येतं 'गंगापूर धरणातून इतके इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे'. सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावं? तळघरातली पातेली-पराती वर चढवायला दोन गड्यांची अख्खी दुपार जाते, दर मेसेजला चढवत बसलो तर धंदा कधी करायचा. व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका, २०१९ च्या पुराचा व्हिडिओ दरवर्षी 'आत्ताचा, दहा मिनिटांपूर्वीचा' म्हणून फिरतो. बिबट्याचा फोटोही तोच असतो, फक्त कॉलनी बदलते.

गेल्या पावसाळ्यात भोंगा लावलेली गाडी फिरली म्हणे, पण आमच्या बोळात गाडी शिरत नाही आणि आत्याला काही ऐकू आलं नाही, समोरच्यांच्या मुलानं दार बडवलं म्हणून तिला कळलं.

तर विचारायचंय असं की गल्लीपुरती आपली आपण काही व्यवस्था कुणी केलीये का? खात्रीची माहिती कुठून घ्यायची, कोणत्या आकड्याला हलायचं, आणि स्मार्टफोन नसलेल्यांपर्यंत ती न्यायची कशी? 'प्रशासनाने लक्ष द्यावे' सोडून काहीही सांगा.

पंचवटीचा_म्हातारा:
आमच्या लहानपणी ॲप नव्हतं, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती होती. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, की माणसं आपोआप कामाला लागायची. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग काही खरं नाही. ६९ चा पूर मी पाहिलाय, २००८ चा पण. पण एक सांगतो, मारुतीवर सगळा भार टाकू नका. तो घाटावर, तुम्ही बाजारात. तुमच्याकडं पाणी बऱ्याचदा गंगेतून, म्हणजे आपल्या गोदावरीतून, चढून येत नाही, सरस्वती नाल्यातून उलटं येतं. गंगेची पातळी वाढली की नाल्याला तोंड मिळत नाही, आणि दहीपुलापासून सगळं तुंबतं.

क्युसेकराव:
म्हाताऱ्यांचा मुद्दा फार कामाचा आहे. तुमच्याकडं धोके दोन आहेत आणि तुम्ही ते एकाच पिशवीत घातलेत.

पहिला धरणाचा. हा बऱ्यापैकी आधी कळतो, विसर्ग सहसा टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि जलसंपदा विभागाकडून वेळ आणि आकडा जाहीर होतो. यात शहरातला पाऊस बघू नका, त्र्यंबक-आंबोलीकडं काय चाललंय ते बघा, कारण धरण भरतं तिकडच्या पावसावर. गंगापूरची क्षमता साधारण ५,६३० दशलक्ष घनफूट, त्यामुळे ते जुलैमध्ये अर्धं असताना मुसळधार झाली तर पाणी धरणात मावतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेलं असताना तेवढाच पाऊस थेट तुमच्या दारात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. आणि धरणाचा आकडा वेगळा, शहरातल्या गोदावरीवरच्या होळकर पुलाखालचा वेगळा. मधले ओढे-नाले मिळत जातात म्हणून पुलाखालचा बहुतेक वेळा मोठा असतो. तुम्हाला बघायचाय पुलाखालचा.

दुसरा धोका शहरातल्या ढगफुटीसारख्या पावसाचा. धरणातून थेंब सुटलेला नसतो, तरी तासाभरात दहीपूल-सराफ बाजार पाण्यात. याची घोषणा कुणी करत नाही, करायला वेळच नसतो. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज येतो तो बघत जा, बाकी नाल्यावर डोळा ठेवणारा माणूस हाच खरा अलर्ट.

आकड्याचं विचाराल तर तो तुम्हाला कुणी देऊ शकणार नाही, तुमचा तुम्हीच काढायचा. एक वही घाला. होळकर पुलाचा आकडा, वेळ, मारुतीला पाणी कुठवर होतं, आणि त्याच वेळी तुमच्या दुकानासमोरच्या चेंबरमधून पाणी उलटं यायला लागलं होतं का. दोनतीन पावसाळ्यात तुमच्या तळघराचा आकडा हातात येईल.

टॉवरखाली:
मोबाईलचं मी सांगतो, लाईन माझीच आहे. मेसेज दोन प्रकारचे असतात. एक साधा एसएमएस, तो बटणांच्या फोनवरही येतो. दुसरा सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे ठराविक टॉवरच्या रेंजमधल्या सगळ्या फोनवर एकदम जाणारा. त्याला ना तुमचा नंबर लागतो ना नेट, आणि लाईन जाम असली तरी पोचतो. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते आठवतंय का, ती त्याचीच चाचणी. तेव्हा वैतागून बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करून टाकला. अँड्रॉइडला सेटिंगच्या सर्चमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' टाका, आयफोनला नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी असतं. आत्याच्या फोनमध्ये मेसेजच्या सेटिंगमध्ये ब्रॉडकास्ट नावाचा पर्याय सापडला तर चालू करून द्या, सगळ्या बटणवाल्या हँडसेटना नसतो.

शिवाय 'सचेत' ॲप टाका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे, मराठीत करता येतं, ठिकाण निवडता येतं. विजांसाठी 'दामिनी', ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. पण दर विसर्गाला फोन कोकलेल अशी अपेक्षा नको.

सायखेडेकर:
आम्ही नदीच्या खालच्या अंगाचे सायखेडा-चांदोरीवाले, तुमचं पाणी उतरायला लागतं तेव्हा आमच्याकडं चढत असतं. वर दारणा नदीचं येऊन मिळतं ते निराळंच. आमच्याकडं अजून देवळाचा स्पीकर चालतो आणि तोच सगळ्यात भारी, कारण आवाज ओळखीचा असतो. अनोळखी भोंग्यावर म्हातारी माणसं हलत नाहीत, ओळखीच्यानं नाव घेऊन हाक मारली की लगेच उठतात.

बोळातला_पाटावरवंटा:
सगळ्यांचे लय आभार. वहीची आयडिया काकांना सांगितली तर म्हणे उधारीच्या वहीतच मागची पानं कोरी आहेत. एक शंका, मंडळाची पोरं म्हणतायत सायरन घेऊया ऑनलाइन, मोठा मिळतो. घ्यावा का?

क्युसेकराव:
नका घेऊ. रात्री दोनला सायरन वाजला तर पूर, आग की ॲम्ब्युलन्स हे कुणाला कळणार? अर्धी गल्ली बघायला बाहेर येईल, तीसुद्धा घाटाकडं. त्यापेक्षा मंडळाचा स्पीकर बॅटरीवर चालेल असा ठेवा, कारण पाणी शिरलं की लाईट आधी जाते, आणि जवळच्या पोलीस चौकीला सांगून ठेवा. घरं वाटून घ्या, चारपाच घरांमागं एक पोरगा, दार वाजवून माणूस समोर बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. आत्यासारखे जे एकटे आहेत त्यांची यादी वेगळी, त्यांच्याकडं पहिलं जायचं. ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करा, आणि मेसेजमध्ये वेळ, आकडा, कुठून कळलं आणि काय करायचं एवढंच. व्हिडिओ बंद. शंका आली की १०७७ ला फोन, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष आहे, अडकलं कुणी तर ११२ किंवा अग्निशमनचा १०१.

बोळातला_पाटावरवंटा:
पटलं. पोरांची यादी रविवारी करतो, आत्याच्या दाराला समोरचा मुलगा आणि त्याचा भाऊ दोघं ठेवलेत, एक गावाला गेला तर दुसरा. अडतंय ते रात्रीचं, बारा ते पाच नाल्यावर नजर ठेवायला कुणी तयार नाही, सराफांच्या वॉचमनला विचारून बघतोय. आणि वही शून्यापासून घालण्यापेक्षा २०१६ किंवा २०१९ चे दहीपूल-भांडी बाजारातले फोटो कुणाकडं वेळेसकट आहेत का? त्या दिवसांचे आकडे जुन्या पेपरांत शोधून जुळवता येतील.

पंचवटीचा_म्हातारा:
नातवाच्या जुन्या फोनमध्ये २०१९ चे आहेत, पण ते आमच्या बाजूनं काढलेले. दहीपुलाचे दोनच असतील. व्यनि (खाजगी निरोप) करा.