मदत हवी आहे: ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेलं गॉज (जाळीदार कापडी पट्टी) उशिरा सापडलं, ग्राहक तक्रारीची दोन वर्षं कधीपासून मोजायची?

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन 2019 मध्ये नागपुरात धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात झालं, पैसे भरून. नंतर पोट अधूनमधून दुखायचं. त्याच डॉक्टरांना दाखवलं, तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि वरून 'सावजी बंद करा' हा सल्ला. (आई शुद्ध शाकाहारी!) यंदा दुसरीकडे सीटी स्कॅन केला तेव्हा गॉज दिसलं. ते काढलंय, रिपोर्ट, फोटो, डिस्चार्ज कार्ड जवळ आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: मुदत दोन वर्षं, सबळ कारण असल्यास उशीर माफ. सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा गॉजचाच निकालही वाचला. दोष लपलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत धरता येते, असं त्यात आहे. पण त्या केसमधल्या बाईंनी नऊ वर्षं दुखूनही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं नव्हतं, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. आई तर त्यांच्याकडेच जात होती. चिठ्ठ्या आहेत, सगळ्या नाहीत.

जुना दवाखाना तोंडी म्हणतो, रेकॉर्ड तीनच वर्षं ठेवतो. लेखी अर्ज देऊन पोच घेतलीय, उत्तर नाही. मेडिकल कौन्सिलचं नंतर बघू.

नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात अशी केस लढलेल्यांना विचारतो: सीटी रिपोर्टच्या तारखेपासून मुदत धरून सरळ तक्रार टाकावी, की उशीर माफीचा अर्जही सोबत जोडावा? आणि जोडला, तर उशीर झाल्याचं आपणच कबूल केलं असं समोरचा वकील म्हणू शकतो का?