झिजलेल्या गुडघ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया: करावी की नाही?

मूळ धागा
आईचं वय ६३. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. एमआरआयमध्ये चकती (गुडघ्याच्या हाडांमधली कूर्चेची गादी) फाटलेली दिसली आणि डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून तेवढा भाग काढून टाकू. माझं मत: करू नये. २००२ साली अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना नुसते वरवर छेद देऊन टाके घातले, आत हातही लावला नाही. दोन वर्षांनंतरही खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं या लोकांपेक्षा कमी नव्हतं. मग आईला भूल कशाला द्यायची?

प्रतिसाद १
त्या अभ्यासात बहुतेक सगळे पुरुष होते, हेही सांगा ना. माझी हीच शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिन्यात मी जिने चढू लागलो. माझा आराम खोटा होता का?

प्रतिसाद २
आराम खराच, पण तो कशामुळे पडला हा प्रश्न आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असं दुखणं कमी-जास्त होत राहतं आणि माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो तो ते टिपेला असताना; त्यानंतर ते बरेचदा तसंही उतरतं. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये १४६ जणांवर खास फाटलेल्या चकतीसाठीच असा अभ्यास झाला, स्त्रियाही होत्या, वर्षभरानं निकाल तोच. पन्नाशीनंतर चकती फाटलेली असून काहीच दुखत नाही असे लोक भरपूर असतात. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद ३
सगळं पटलं, पण यातून 'शस्त्रक्रिया नकोच' असा अर्थ काढू नका. बाबांनी तेच धरून ठेवलं. पाय धनुष्यासारखा वाकला, रात्री कूस बदलताना कण्हायचे. शेवटी सांधा बदलला, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या मागून भरभर चालावं लागलं. डेन्मार्कमध्ये १०० जणांवर अभ्यास झाला (२०१५). व्यायामासोबत सांधाही बदललेल्यांना वर्षभरात नुसत्या व्यायामवाल्यांच्या सुमारे दुप्पट फरक पडला. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त, हे मान्य. तरी आम्ही पाच वर्षं उगाच घालवली.

मूळ लेखक
सांधा बदलण्याला माझा विरोध नाही, धाग्यात तसं लिहायला हवं होतं. आईचा गुडघा अडकत नाही, पाय सरळ आहे. कालपासून खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम सुरू केलाय. चौथ्या वेळी मांडी थरथरते. @प्रतिसाद २, तिथे थांबवू की चालू ठेवू?

प्रतिसाद २
थरथर चालेल. दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं, तर उंच खुर्ची घ्या. तीन महिने तरी नेटानं करा.