ऑफिसच्या काँप्युटरवर अजून हरतालिका

(सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस.)

अण्णा, ए-१०१: सर्वांना नमस्कार. गावाहून परतलो. ऑफिस उघडलंय. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि यंदा अहवाल मराठीत द्यायचं ठरलंय. मंदारने सांगितलेलं मराठी टायपिंगचं पॅकेज टाकायला गेलो तर घेत नाही. ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असं काहीतरी येतंय. मंदार, आहेस का रे?

नाना, बी-२०२: म्हणून सांगत होतो, विंडोजच बरं होतं.

वैशाली, सेक्रेटरी: नाना, त्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. म्हणून तर विंडोजच्या जागी उबुंटू ही सिस्टीम टाकली. नवीन मशीन नको म्हणून सभेत तुम्हीच उठून बोलला होतात.

नाना, बी-२०२: बोललो होय. पैसे काय मिऱ्याच्या खडपावर उगवतात?

मंदार, बी-३०३: आहे अण्णा. पुण्यात आहे, पण आज सुट्टी. आधीचं काहीतरी टाकायचं अर्धवट राहिलंय, ते पूर्ण करू. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि लिहा: सुडो डीपीकेजी, मग दोन डॅश आणि त्याला चिकटून कॉन्फिगर, मग जागा सोडून एक डॅश आणि ए.

अण्णा, ए-१०१: हे मराठीत का लिहितोस? कॉपी करता येत नाही.

मंदार, बी-३०३: मुद्दाम. गेल्या खेपेला इंग्रजीत पाठवलं तेव्हा फोनने पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि दोन डॅशची एक लांब रेघ करून टाकली. अर्धा तास आपण त्या रेघेशी भांडत होतो. वाचा आणि हाताने टाइप करा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटत नाही, ते तसंच असतं.

अण्णा, ए-१०१: ‘सेटिंग अप’, ‘सेटिंग अप’ अशा बऱ्याच ओळी सरसर गेल्या. आता थांबलं. पण मी तर गणपतीच्या आधीपासून काही टाकलंच नव्हतं. अर्धवट राहिलं काय?

मंदार, बी-३०३: उबुंटू सिक्युरिटीचे अपडेट स्वतःच टाकत असतो, न विचारता. ते चालू असताना लाइट गेली असणार. पॅकेज उलगडून ठेवलं, पण बसवायचं राहिलं. आता सुडो एपीटी अपडेट करा.

तेजस, सी-१०४: हरतालिकेला संध्याकाळी गेली होती ना, पावणेसातच्या सुमाराला. आम्ही मखराला माळा लावत होतो.

नाना, बी-२०२: आणि विजा चमकत होत्या म्हणून वॉचमनने ऑफिसचं बोर्डाचं बटणच बंद केलंन. मीच सांगितलं त्याला. दोन वर्षांपूर्वी पंप जळला तो विसरलात काय?

अण्णा, ए-१०१: ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’. पुढे उबुंटूच्या सर्व्हरचं नाव. तात्पुरतं म्हणतंय, मग चहा घेऊन येऊ?

मंदार, बी-३०३: दहा चहा झाले तरी तात्पुरतंच म्हणेल. नावावरून पत्ता सापडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. पण आधी खालून सुरू करू. तेजस, खाली जाशील? मागे वायर घुसते तिथला दिवा लागलाय का बघ.

तेजस, सी-१०४: नाही लागलाय. वायरची क्लिप तुटलेली आहे, नुसती अडकवून ठेवलीय. बाहेर काढली तर पिना हिरव्या पडल्यात, दोन तर पूर्ण. बोटाला खारट चव येईल अशी.

वैशाली, सेक्रेटरी: चाटू नकोस रे बाबा.

मंदार, बी-३०३: खिडकी समुद्राच्या बाजूला आहे ना ती. पावसाळाभर खारं वारं थेट त्या कनेक्टरवर. कपाटात वरच्या कप्प्यात नवी वायर आहे, ती लाव. जुनीचं टोक कापून नवा कनेक्टर बसवता येईल, पण आज नको.

तेजस, सी-१०४: लावली. हिरवा दिवा स्थिर, केशरी लुकलुकतोय. अपडेट केलं. परत तेच, ‘टेम्पररी फेल्युअर’.

सुनंदा, ए-३०१: पाणी कधी सोडणार? टाकी रिकामी आहे.

अण्णा, ए-१०१: वहिनी, वॉचमनला सांगितलंय. दहा मिनिटं.

मंदार, बी-३०३: आता पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. आधी नुसत्या आकड्याला, ८.८.८.८. मग उबुंटूच्या नावाला. थांबवायला कंट्रोल आणि सी.

तेजस, सी-१०४: आकड्याला उत्तर येतंय, २८ मिलिसेकंद, ३१, २९. नावाला नाही.

मंदार, बी-३०३: झालं, मग वायर, राउटर, लाइन सगळं ठीक. घर सापडतंय, फक्त नावावरून पत्ता सांगणारा माणूस गायब आहे. तो म्हणजे डीएनएस. रिझॉल्व्हसीटीएल, जागा, स्टेटस असं लिही आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’समोर काय आहे त्याचा फोटो पाठव.

तेजस, सी-१०४: (फोटो)

मंदार, बी-३०३: हे आकडे ओळखीचे वाटतायत. वैशालीताई, आपण नेटची कंपनी बदलली का?

वैशाली, सेक्रेटरी: हो, श्रावणात. जुन्यांची लाइन सारखी बंद पडायची. नवीन राउटर गणपतीच्या आठवड्यात बसवून गेले. मोबाइलवर वायफाय छान चालतं, म्हणून मला वाटलं सगळं झालं.

मंदार, बी-३०३: मग चूक माझीच. गेल्या वर्षी मी जुन्या कंपनीच्या डीएनएसचे आकडे हाताने भरून ठेवले होते. असे सर्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. आपण त्यांचे ग्राहक राहिलो नाही, तर ते आपल्याला दारात उभे करत नाहीत. मोबाइल मात्र राउटर सांगेल ते ऐकतो, म्हणून तो चालला.

नाना, बी-२०२: कबूल केलंन हो पोराने. आमच्या वेळी कोणी करत नसे.

मंदार, बी-३०३: तेजस, सेटिंग्जमध्ये नेटवर्क, वायर्डसमोरचं चक्र, आयपीव्ही४. तिथे डीएनएसचा ऑटोमॅटिक चालू कर, खालचे आकडे पूस, अप्लाय. मग वायर्ड एकदा बंद करून चालू कर.

तेजस, सी-१०४: नावाला पिंग लागलं!!

अण्णा, ए-१०१: पण अपडेटला आता तिसरंच. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’. अजून ११ दिवस आणि काही तास चालणार नाही म्हणतंय. आणि बँकेची साइट उघडली तर तुमचं घड्याळ मागे आहे अशी सूचना. सभेला तर इतके दिवस नाहीत रे.

मंदार, बी-३०३: वर कोपऱ्यात तारीख काय दिसते?

अण्णा, ए-१०१: अरेच्चा. हरतालिकेची तारीख आहे. वेळ संध्याकाळी साडेसात.

मंदार, बी-३०३: बरोबर! अण्णा, मशीनच्या लेखी आज हरतालिका आहे, उद्या गणपती बसायचेत. तुम्ही काल विसर्जन केलंत हे त्याला माहीतच नाही. म्हणून ताजी फाइल त्याला पुढच्या तारखेची वाटते. आतला घड्याळाचा सेल गेलाय. एरवी बोर्डाचं बटण चालू असायचं म्हणून मेलेल्या सेलवरही घड्याळ टिकायचं. वॉचमनने बटण बंद केलं आणि तारीख पुसली गेली.

सुनंदा, ए-३०१: पण सेल गेला की घड्याळ पार जुन्या सालावर जातं ना? आमच्या कार्यालयातले सगळे २००० वर जायचे.

मंदार, बी-३०३: काकू, अगदी बरोबर शंका. म्हणूनच हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आपल्या उबुंटूत टाइमसिंकडी नावाची सेवा दर मिनिटाला वेळ डिस्कवर नोंदवून ठेवते. चालू होताना घड्याळ त्या नोंदीपेक्षा मागे दिसलं तर नोंदीची वेळ लावते. लाइट गेली तो क्षण, अधिक आज मशीन चालू करून झालेला पाऊण तास. म्हणून साडेसात. २००० साल दिसलं असतं तर अण्णांनी लगेच ओळखलं असतं.

एरवी ती सेवा नेटवरून खरी वेळ आणते, पण वेळेच्या सर्व्हरलाही नावानेच हाक मारायची असते. डीएनएस नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून अपडेट नाही. आता थोड्या वेळाने आपोआप जुळेल, पण घाई असेल तर सुडो सिस्टीमसीटीएल, जागा, रीस्टार्ट, जागा, सिस्टीमडी डॅश टाइमसिंकडी.

तेजस, सी-१०४: बघता बघता तारीख आजची झाली. भारी.

अण्णा, ए-१०१: आता म्हणतंय ‘कुड नॉट गेट लॉक’. कुलूप. माझा मुंबईचा भाचा म्हणतो लॉकची फाइल डिलीट करा, त्याने केलंय. करू?

मंदार, बी-३०३: नको!! अण्णा, हात बाजूला. त्याच ओळीत पुढे प्रोसेसचं नाव असेल, वाचा.

अण्णा, ए-१०१: अनअटेंडेड अपग्र.

मंदार, बी-३०३: तोच तो, स्वतःहून अपडेट टाकणारा. घड्याळ ११ दिवस पुढे सरकलं, तसं त्याच्या लक्षात आलं की रोजचं काम राहिलंय. कुलूप त्याने लावलंय, तो आत आहे. फाइल उडवलीत तर दोघं एकाच वहीत एकाच वेळी लिहायला बसतील आणि सकाळी जे निस्तरलं त्याहून वाईट होईल. आता खरंच चहा घ्या. आणि नाना, कृपा करून कोणी बटण बंद करू नका.

नाना, बी-२०२: आभाळ भरून आलंय हो भाट्याच्या बाजूला.

वैशाली, सेक्रेटरी: मी वॉचमनला बटणावर चिकटपट्टी लावायला सांगते.

अण्णा, ए-१०१: २५ मिनिटांनी कुलूप सुटलं. अपडेट झालं, कीबोर्डचं पॅकेजही बसलं. आयबस-एम१७एन. मधला १७ कसला?

मंदार, बी-३०३: मल्टिलिंग्वलायझेशन. पहिलं अक्षर एम, शेवटचं एन, मध्ये १७ अक्षरं. लिहायचा कंटाळा. लॉगआउट करून या आणि कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट निवडा.

अण्णा, ए-१०१: ‘सन्माननीय सभासद’ उमटलं बरं का. सेल कोणता आणायचा?

मंदार, बी-३०३: सीआर २०३२, गोल, तीन व्होल्टचा. जुना काढताना वरची बाजू बघून ठेवा. तोपर्यंत बटण चालूच राहू द्या.

तेजस, सी-१०४: मारुती मंदिराकडे जाऊन आलो, दोन्ही दुकानं बंद. आज सुट्टी.

अण्णा, ए-१०१: नाना, तुमच्या गाडीच्या रिमोटच्या किल्लीत बहुतेक हाच सेल असतो.

नाना, बी-२०२: हात लावून बघ किल्लीला.