बेसच्या फाईलमधले सगळे टेबल गायब, क्वेरी आणि फॉर्म मात्र जागेवर आहेत

जुनी_नोंदवही:
नमस्कार मंडळी, लिबरऑफिस बेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममधे एक ओडीबी फाईल आहे, पुस्तकं आणि सभासदांची नोंद, बऱ्याच वर्षांची. काल फाईल उघडी असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडला. आता फाईल उघडते पण डावीकडे टेबल्सवर क्लिक केलं की कनेक्शन होऊ शकलं नाही अशी एक चौकट येते, ओके केलं की खालचा भाग रिकामा, एकही टेबल नाही. गंमत म्हणजे क्वेरी सगळ्या दिसतायत, फॉर्मपण दिसतायत, रिपोर्टही आहेत, फक्त फॉर्म उघडला तर रिकामा. फाईलची साईझ पण पहिल्यासारखीच आहे म्हणजे डेटा आत असावा असं वाटतं, पण मग टेबल दिसत का नाहीत? या फाईलचा बॅकअप आहे पण फार जुना आहे, त्यानंतरच्या नोंदी परत टाइप करायच्या तर कागदच राहिलेले नाहीत. कुणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा, अजून काही छेडछाड केलेली नाही.

कोरा_कागद:
व्ह्यू मेनूत रिफ्रेश टेबल्स करून बघितलं का? टूल्स मधल्या एसक्यूएल विंडोतून (जिथे डेटाबेसला लेखी आज्ञा देतात) टेबल बनवला तर तो आपोआप दिसत नाही, रिफ्रेश केल्यावरच येतो. टूल्स मधे टेबल फिल्टर पण असतं, तिथे टिक गेलेली असेल तरी टेबल लपतात.

जुनी_नोंदवही:
रिफ्रेश केलं, काही फरक नाही. सगळे टेबल माऊसनेच बनवलेले आहेत, एसक्यूएल वगैरे कधी वापरलं नाही.

तळघर:
रिफ्रेश आणि फिल्टर बाजूला ठेवा, कनेक्शनची चौकट येतेय म्हणजे प्रकरण वेगळं आहे. सगळ्यात आधी ती फाईल बंद करा, सेव्ह विचारलं तर नाही म्हणा, आणि फाईलची कॉपी करून ठेवा. मूळ फाईलला यापुढे हात लावायचा नाही, जे काय करायचं ते कॉपीवर. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतोय कारण टेबल दिसत नाहीत म्हणून घाईत त्याच फाईलमधे त्याच नावाचे टेबल नव्याने बनवून सेव्ह करणारे लोक बघितलेत, आणि मग जे वाचण्यासारखं होतं तेही जातं.

आता क्वेरी दिसतात आणि टेबल नाहीत हे असं का, तर ओडीबी ही खरं म्हणजे एक झिप फाईल असते. क्वेरी आत कंटेंट नावाच्या एक्सएमएल फाईलमधे असतात, फॉर्म आणि रिपोर्टचे आपापले फोल्डर असतात, आणि टेबल या कशातच नसतात, ते डेटाबेस नावाच्या फोल्डरमधे असतात आणि ते वाचायचं काम लिबरऑफिस स्वतः करत नाही, एचएसक्यूएलडीबी नावाचं जावाचं इंजिन करतं. म्हणून ते इंजिन सुरू झालं नाही किंवा त्याला फाईल नीट मिळाली नाही तर टेबल तेवढे गायब आणि बाकी सगळं जसंच्या तसं. साईझवर पण विश्वास ठेवू नका, फॉर्म-रिपोर्टमधे चित्रं असतील तर साईझ त्यांचीच असू शकते.

दोन गोष्टी बघून सांगा. एक, बेसच्या खिडकीत सगळ्यात खाली जी पट्टी असते तिथे एम्बेडेड डेटाबेस आणि एचएसक्यूएलडीबी असं लिहिलंय का. दुसरं कुठल्या फाईलचं नाव किंवा जेडीबीसी (जावातून बाहेरच्या डेटाबेसला जोडणी) असं काही असेल तर टेबल या फाईलमधे नव्हतेच कधी. आणि दुसरं, ती चौकट ओके करून घालवू नका, त्यात मोर नावाचं बटण असतं, ते दाबल्यावर खरी एरर दिसते. जावा सापडत नाही असं असेल तर सोपं आहे, टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मधे जाऊन जावा निवडायचं, फक्त लिबरऑफिस ६४ बिट असेल तर जावा पण ६४ बिटच लागतं.

जुनी_नोंदवही:
खाली एम्बेडेड डेटाबेस आणि एचएसक्यूएलडीबी एम्बेडेडच लिहिलंय. मोर दाबल्यावर फाईल इनपुट आउटपुट एरर असं येतंय. जावा आहे, ऑप्शन्स मधे टिक पण आहे. कॉपी करून ठेवली आहे दोन ठिकाणी.

तळघर:
छान, मग जावा नाही, आतली फाईल अर्धवट आहे. बेस चालू असताना तुम्ही नोंद सेव्ह केली तरी ती झिपच्या आत लगेच जात नाही, ओडीबी सेव्ह केली किंवा बंद केली की सगळं परत पॅक होतं. नेमकं त्या वेळी वीज किंवा मशीन गेलं तर डेटाबेस फोल्डरचं काही ना काही राहून जातं.

कॉपीचं एक्स्टेन्शन झिप करा आणि डेटाबेस फोल्डर बाहेर काढा. आत स्क्रिप्ट, प्रॉपर्टीज, डेटा आणि बॅकअप अशा चार फाईली हव्यात, कधी लॉग पण असते. स्क्रिप्ट साध्या टेक्स्ट एडिटरमधे उघडते, त्यात क्रिएट कॅश्ड टेबल अशा ओळी शोधा. प्रत्येक टेबलची एक ओळ असते. टेबलची नावं मराठीत असतील तर ती तिथे वाचता येणार नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी कोड दिसेल, देवनागरीचे कोड ०९ ने सुरू होतात, ते खराब झालंय असं समजू नका, ते तसंच असतं. त्या ओळी नसतील आणि नुसती स्कीमा पब्लिक आणि एसए नावाच्या युजरची ओळ असेल तर स्क्रिप्ट कोरी झालीय, मग कठीण आहे. असतील तर टेबलांचा सांगाडा वाचलाय. नोंदी स्वतः डेटा फाईलमधे असतात, म्हणून चारही फाईलींची साईझ इथे लिहा.

जुनी_नोंदवही:
स्क्रिप्टमधे क्रिएट कॅश्ड टेबल च्या ओळी आहेत, बऱ्याच आहेत, तुम्ही म्हणता तसे ०९ वाले कोड भरपूर आहेत!! डेटा फाईल मात्र जवळजवळ रिकामी दाखवतेय, काही बाइट्स फक्त. बॅकअप चांगली मोठी आहे. हे काय समजायचं?

वाटसरू_७:
मधे बोलतो, हे तुमच्या बाजूचं आहे. त्या फोल्डरमधली बॅकअप फाईल म्हणजे डेटा फाईलचीच दाबून ठेवलेली प्रत असते, इंजिन शेवटचं नीट बंद झालं तेव्हाची. आणि एचएसक्यूएलडीबी १.८ चा नियमच असा आहे की प्रॉपर्टीज मधे मॉडिफाईड समोर यस असेल तर मागच्या वेळी नीट बंद झालं नाही असं समजून ते डेटा फाईल टाकून देतं आणि बॅकअपमधून परत बनवतं. तुमच्याकडे बहुतेक तिथे नो असेल, म्हणून ते तुटकी डेटा फाईलच वाचायला जातंय.

एका नव्या फोल्डरमधे त्या चारही फाईली ठेवा आणि प्रत्येकाच्या आधी एकच नाव लावा, समजा नोंदी डॉट स्क्रिप्ट, नोंदी डॉट प्रॉपर्टीज असं, नाव इंग्रजी अक्षरांत द्या म्हणजे पाथचा घोळ होत नाही. प्रॉपर्टीज उघडून मॉडिफाईड=नो चं यस करा, डेटा फाईल तिथून दुसरीकडे हलवा. मग बेसमधे नवीन डेटाबेस, कनेक्ट टू एक्झिस्टिंग, जेडीबीसी. पाथ देताना एचएसक्यूएलडीबी, फाईल, मग फोल्डरचा पूर्ण पाथ आणि शेवटी नोंदी, एक्स्टेन्शन नाही. ड्रायव्हर क्लास ओआरजी डॉट एचएसक्यूएलडीबी डॉट जेडीबीसीड्रायव्हर, युजर एसए, पासवर्ड रिकामा. आणि अ‍ॅडव्हान्स्ड मधल्या क्लास पाथ मधे एचएसक्यूएलडीबीची जार फाईल (म्हणजे त्या इंजिनाचा जावा प्रोग्रॅम) जोडा, ती डाउनलोड करू नका, लिबरऑफिसच्याच प्रोग्रॅम फोल्डरमधे क्लासेस मधे असते. ती १.८ च आहे. नेटवरची २ वाली घेतलीत तर ती फाईली नव्या फॉरमॅटमधे बदलून टाकते आणि मग त्या ओडीबीत परत घालता येत नाहीत.

अजून एक, पाथच्या शेवटी सेमिकोलन देऊन इफएक्झिस्ट्स=ट्रू जरूर लिहा. ते नसेल आणि पाथमधे एक अक्षर जरी चुकलं तरी हे इंजिन एरर देत नाही, गुपचूप नवीन कोरा डेटाबेस बनवतं, आणि माणूस बघतो तर परत टेबल नाहीत, इथे खूप जण घाबरतात आणि वाटतं की होतं नव्हतं सगळं गेलं.

जुनी_नोंदवही:
आले!!! सगळे टेबल आले, पुस्तकं, सभासद, देवघेव, सगळे. देवघेवीतल्या शेवटच्या बसण्यातल्या नोंदी नाहीत पण त्या मला आठवून भरता येतील. आधी मॉडिफाईड=नो च होतं तुम्ही म्हणालात तसं. दोघांचे खरंच मनापासून आभार, रात्रभर झोप नव्हती. आता हे परत जुन्या ओडीबीत घालू का? फॉर्म तिथेच आहेत ना.

तळघर:
घालता येतं. आधी टूल्स, एसक्यूएल मधे शटडाऊन कॉम्पॅक्ट चालवा म्हणजे चारही फाईली नीट लिहिल्या जातात, मग पुढे लावलेलं नोंदी हे नाव काढून नुसत्या स्क्रिप्ट, डेटा वगैरे ठेवा आणि ओडीबीच्या कॉपीतल्या डेटाबेस फोल्डरमधे बदला. पूर्ण फाईल उलगडून परत झिप करू नका, ओडीबीत माइमटाइप नावाची फाईल सगळ्यात पहिली आणि न दाबलेली लागते, आर्काइव्ह मॅनेजरमधून फक्त त्या चारच बदला.

पण मी तुमच्या जागी असतो तर परत आत घातलंच नसतं. जेडीबीसीवाली नवी फाईल चालतेय ना, दोन्ही खिडक्या शेजारी उघडा आणि क्वेरी आणि फॉर्म कॉपी-पेस्ट करून नव्यात आणा, टेबलांची नावं तीच आहेत त्यामुळे फॉर्म चालतील. यात टेबल झिपच्या बाहेर स्वतंत्र फोल्डरमधे राहतात, ओडीबी तुटली तरी नोंदी तुटत नाहीत. बंद करायच्या आधी शटडाऊन द्यायची सवय लावा किंवा पाथमधेच शटडाऊन=ट्रू जोडा.

वाटसरू_७:
+१, बाहेरच ठेवा. फक्त तो फोल्डर ऑनलाइन सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका, इंजिन लिहीत असताना सिंकवालं सॉफ्टवेअर अर्धीच फाईल उचलतं. बॅकअप घेताना बेस पूर्ण बंद करून सगळा फोल्डर एकदम कॉपी करा, स्क्रिप्ट एका दिवसाची आणि डेटा दुसऱ्या दिवसाचा असं झालं तर दोन्ही जुळत नाहीत आणि उघडत नाही.