बाबांचं खाणं ‘पौष्टिक’, मग वजन का वाढतंय?

डोंबिवलीकरीण

बाबा सदुसष्ट वर्षांचे, कराडला असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तब्येतीचं फारच मनावर घेतलंय. वडापाव बंद, फरसाण बंद, साखर तर घरात येतच नाही. त्याऐवजी सकाळी भिजवलेले बदाम-अंजीर, दिवसातून चारदा गुळाचा चहा, दहाच्या सुमाराला ग्लासभर मोसंबीचा रस, जेवणानंतर खजुराची वडी, संध्याकाळी डाएट चिवडा. डिंकाचे लाडू थंडीत सुरू झाले ते मे उजाडला तरी चालूच. सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या कडक उपास, म्हणजे साबुदाणा.

वर्षभरात ७४ किलोंचे ८१ झाले. गुडघे कुरकुरायला लागलेत. थायरॉइड, शुगर सगळं तपासून झालं, नॉर्मल आहे. मी काही बोलले की म्हणतात, “अगं, यातलं एक तरी वाईट आहे का?” मग मलाही उत्तर सुचत नाही. नेमकं पाणी कुठे मुरतंय?

सदाशिवपेठी

मे महिन्यात डिंकाचे लाडू? आणि वर विचारताय पाणी कुठे मुरतंय!

फोडणीकाकू

सदाशिवपेठी, तुमचं नेहमीचंच. ताई, मी सांगते. मी घरून फराळाचे पदार्थ करून विकते, आणि डाएट चिवडा नि डिंकाचे लाडू हेच माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतात. स्वतःच्याच पोटावर पाय आणतेय, पण असो.

डाएट चिवड्यातलं डाएट एवढंच, की पोहे तळायचे नाहीत, भाजायचे. माझं प्रमाण असं: एक किलो पातळ पोहे, पाव किलो दाणे, दोनशे ग्रॅम डाळं, शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप आणि फोडणीला दीडशे मिली तेल. याहून तेल कमी केलं तर हळद-तिखट पोह्यांना धरत नाही, सगळं डब्याच्या तळाशी जातं आणि वरचा चिवडा पांढराफटक राहतो. तसा चिवडा कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. याचा हिशेब शंभर ग्रॅमला साधारण ४४० कॅलरी होतो. तळलेला चिवडा पाचशेच्या वर जातो. म्हणजे फायदा आहे, पण तेवढाच खाल्ला तर! तळलेला चिवडा माणूस बशीत घेऊन खातो. डाएटचा अख्खा डबा मांडीवर येतो आणि टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत हात चालूच. मी पाकिटावर ‘डाएट’ लिहायला लागले तेव्हापासून त्याच घरांच्या ऑर्डरी वाढल्यात, यावरून काय ते समजा.

आता लाडू. खारीक, खोबरं, गूळ प्रत्येकी अर्धा किलो, डिंक पाव किलो, आणि डिंक फुलवण्यापासून लाडू वळेपर्यंत तूप तीनशे ग्रॅम तरी जातंच. वर बदाम, खसखस. माझा लाडू चाळीस ग्रॅमचा असतो, त्यात १८० च्या आसपास कॅलरी. जवळजवळ एका ज्वारीच्या भाकरीइतक्या. हा लाडू मुळात बाळंतिणीचा. तिची झीज भरून यायची असते, शिवाय बाळाला पाजायचं असतं. थंडीत शेतात राबणाऱ्यालाही तो पचतो. तुमचे बाबा लाडू खातात, पण ताटातली भाकरी काही कमी करत नसणार. लाडू औषधाच्या खात्यात जातो ना!

गुळाचंही तेच. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात पावणेचारशेच्या आसपास. चव छान, थोडी खनिजंही असतात, पण वजनाच्या दृष्टीने दोघं सख्खे भाऊ. आणि गूळ जरा कमी गोड लागतो म्हणून हात सैल सुटतो. चहात दोन-दोन चमचे घातला तर चार कपांत दीडशे कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की अशी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. त्यात मध आणि फळांचा रसही साखरेतच धरलाय. एका ग्लासला तीन-चार मोसंबी लागतात. सोलून खायला दिल्या तर बाबा दुसरीवरच थांबतील.

साबुदाण्याचं मी वेगळं काय सांगू? निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दाण्याचं कूट, तूप, बटाटा घालून भरलेली एक प्लेट पाचशेच्या घरात जाते, आणि दोन तासांत पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं ते वेगळंच. महिन्यातले किती दिवस हे होतं ते कॅलेंडरवर बघा.

वाद घालू नका, त्यांचं खाणं तोडूही नका. आईंना सांगा, जेवणाव्यतिरिक्तचं दिवसभराचं सगळं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवायचं. बदाम, अंजीर, वडी, लाडू, चिवडा, गूळसुद्धा. डबा बाबांच्या हातात द्यायचा. काही बोलायची गरज नाही.

चालताबोलता

काकूंचा हिशेब मान्य, पण सगळं खापर लाडवावर नको. नोकरीत असताना बाबा रोज किती हिंडत होते आणि आता किती हिंडतात, ते विचारा. साठीनंतर स्नायू झपाट्याने कमी होतात, खाणं तेवढंच राहिलं तरी पोट सुटतं. त्यांच्या यादीत गोड आणि सुकामेवा भरपूर दिसतोय. उसळ, ताक, अंडं कुठे आहे? बदामांवर मात्र अन्याय करू नका. दहा बदाम म्हणजे ७० कॅलरी, ते राहू देत. मूठ भरून खात असतील तर प्रश्न.

आणि लाडू-चिवड्याच्या जागी ‘मल्टिग्रेन’ बिस्किटं आणू नका. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला शब्द मैदा निघाला तर पाकीट परत ठेवायचं.

डोंबिवलीकरीण

आईने काल डबा भरला. बाबांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, “हे कुणाकुणासाठी?” 😄 लाडू आपणहून बाजूला काढला. रसाऐवजी मोसंबी कबूल केलीये, पण चिवड्यावर तडजोड नाही, वाटीत घेऊन खाईन म्हणाले. रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचंही ठरलंय, मित्र सोबत असले तर. अडलंय ते उपासावर. एकादशीला काय हवा खाऊ का, असं विचारतायत. काकू, सुचवा काहीतरी.

फोडणीकाकू

राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची तुपाची नि जिऱ्याची फोडणी दिलेली भाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. कोशिंबिरीत कूट चमच्याने मोजून, मुठीने नाही. कधी बदल म्हणून वरीचा भात, पण सोबत दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी. तुमच्याकडे उपासाला जे चालत असेल ते बघा. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायला सांगा आणि त्यात छोटा उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा, नाहीतर थापताना कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना मोडते.